तांबडी सुर्ला : महादेव मंदिर आणि नदीतीर्थ

गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजघराण्याच्या काळातले शिवक्षेत्र. धारबांदोडा तालुक्यात, अनमोड घाटाच्या पायथ्याशी, भगवान महावीर अभयारण्याच्या दाट रानात ते वसले आहे. पणजीपासून अंतर सुमारे ६५ किमी. मंदिराचा काळ बारावे-तेरावे शतक मानतात. शेजारून वाहणारी रगाडो (सुर्ला नदी असेही म्हणतात) सह्याद्रीच्या कड्यांवरून उतरते आणि पुढे म्हादईला मिळते.

म्हादईचा मुख्य उगम घाटापलीकडे, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात देगावजवळ आहे. तरी डोंगरातली नदी एकाच झऱ्यावर मोठी होत नाही. रगाडो, कोटरची, कळती अशा उपनद्यांचे पाणी घेत ती भरते, पुढे मांडवी या नावाने पणजीजवळ समुद्राला मिळते. तांबडी सुर्ल्याला त्या पाण्याचा अगदी वरचा, रानातला भाग दिसतो. देवळाजवळ दगडी पायऱ्या पात्रात उतरतात. तिथे हातपाय धुऊन किंवा स्नान करून भाविक दर्शनाला येतात. नदी न पाहता नुसते देऊळ पाहून परतणाऱ्याला हे क्षेत्र अर्धेच कळते.

मंदिर पूर्वाभिमुख असून उगवत्या सूर्याची किरणे थेट गाभाऱ्याच्या दिशेने येतात. गर्भगृह, अंतराळ (गाभारा व मंडप यांना जोडणारा भाग) आणि खांबांचा मंडप अशी रचना आहे. मंडपाच्या मधोमध नंदी आहे, पण त्याचे शिर तुटलेले आहे. एका खांबाच्या तळाशी घोड्याला पायाखाली तुडवणारा हत्ती कोरला आहे, छतावर कमळ आहे, आणि अंतराळाच्या दारापाशी दगडात कोरलेली नाजूक जाळी आहे. शिखराच्या बाजूंवर ब्रह्मा, विष्णू व शिव यांची शिल्पे आहेत. शिखर मात्र वरपर्यंत पूर्ण दिसत नाही. भिंतींचे घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवले आहेत, म्हणून लोक या बांधणीला सर्रास हेमाडपंती म्हणतात. आसपास सगळा जांभा, आणि मंदिर काळसर दगडाचे. हा दगड घाटमाथ्यावरून उतरवून आणला असे मानले जाते. बाहेरच्या भिंती बऱ्याच साध्या आहेत, सारी कलाकुसर आत आहे. त्यामुळे मंडपात थोडा वेळ बसून, डोळे अंधाराला सरावू देऊनच हे काम पाहावे.

रानाने लपवले म्हणून हे देऊळ पोर्तुगिजांच्या तावडीतून वाचले, असे गोव्यात नेहमी सांगतात. त्यात तथ्य आहे, पण तेवढेच कारण पुरत नाही. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादीत (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखात) सोळाव्या शतकात देवळांचा मोठा विध्वंस झाला. कदंबांचे आराध्य दैवत सप्तकोटेश्वराचे दिवाडी बेटावरील मंदिरही त्यात गेले. त्याचे लिंग नदीपलीकडे नार्वे येथे नेले गेले आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. घाटाच्या पायथ्याचा हा मुलूख मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीबरोबर पोर्तुगिजांच्या हाती आला. तोवर देवळे पाडण्याचे धोरण मागे पडले होते. सत्ता उशिरा पोचली, हे या मंदिराच्या वाचण्यामागचे मोठे कारण आहे. गोव्यात आज कदंब हे नाव राज्य परिवहनाच्या बसवर रोज दिसते. त्या राजवटीच्या काळातली एवढी शाबूत वास्तू मात्र राज्यात दुसरी दाखवणे कठीण.

मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, तरी पूजा थांबलेली नाही. महाशिवरात्रीला आसपासच्या गावांतून व दूरवरून भाविक येतात. बेल, दूध व पाणी वाहून अभिषेक होतो. शिवमंदिराच्या रीतीप्रमाणे पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत; अभिषेकाचे पाणी जिथून बाहेर पडते ते सोमसूत्र न ओलांडता मागे फिरतात. गोव्यातील देवळांत भजन-कीर्तन परंपरेने मराठीत चालते, आणि अशा उत्सवांत ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग घरचेच वाटतात.

पणजीहून फोंडा, तिस्क-उसगावमार्गे साकोर्डा-बोळकर्णेकडून किंवा मोलेकडून इथे पोचता येते. शेवटचा टप्पा जंगलातला आहे, म्हणून स्वतःचे वाहन सोयीचे. नदीच्या वरच्या अंगाला तांबडी सुर्ल्याचा धबधबा आहे. तिथली वाट अभयारण्यातून जाते, तेव्हा वनखात्याची परवानगी काढूनच निघावे. जून ते सप्टेंबरमध्ये घाटात पाऊस कोसळला की नदी बघता बघता फुगते. त्या दिवसांत पात्रात उतरणे टाळावे, स्नानाचा आग्रह धरू नये. कोरड्या महिन्यांत पाणी कमी होते. त्या काळात साबण, प्लास्टिक वा निर्माल्य पात्रात टाकणे म्हणजे खालच्या गावांच्या पाण्यात टाकणे होय. म्हादईच्या पाणीवाटपावर २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि २०१८ मध्ये त्याने निवाडा दिला; म्हादईचे पाणी वळवण्याच्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यातील वाद त्यानंतरही मिटलेला नाही.