पोरगा शिडी घेऊन यायच्या आधी स्क्रीन काऊन पाहतो?

नमस्कार राजेहो. मागच्या दोन-तीन महिन्यांपासून आपल्या नेटच्या ऑफिसला फोन लावला की आपली पोरं म्हणतात, "दोन मिनिटं थांबा, स्क्रीनवर पाहून सांगतो." बऱ्याच जणांना याचा वैताग आला, एका काकांनी तर सरळच सुनावलं, "नेट बंद हाय अन् तू तिथं बसून काय पाहून रायला, शिडी घेऊन ये ना बापा." त्यांचं चुकलं नाही, आम्हीच कोणाला नीट सांगितलं नव्हतं. म्हणून हे माहितीपत्रक.

आधी काय व्हायचं, तर तक्रार आली की पोरगा मोर्शीहून गाडी काढायचा, हिवरखेड, अंबाडा, जिथलं असेल तिथं भर उन्हात जायचा, आणि पोचल्यावर कळायचं की नेटची काही भानगडच नाही, रात्री लाईन गेली, कोणीतरी बोर्डाचं बटण बंद केलं आणि ते तसंच राहिलं. तोवर दुसऱ्या गावात जेसीबीनं फायबर, म्हणजे नेटची काचेची बारीक तार, तोडून अख्खी गल्ली बंद, आणि तिथं जायला माणूस नाही. पेट्रोल आमचं गेलं हे सोडा, तुमचा दिवस जायचा.

आता ऑफिसातून दूरवरचं दिसेल अशी सोय केली आहे. ऑफिसात मोठी मशीन असते ती ओएलटी, तुमच्या घरातला छोटा बॉक्स तो ओएनयू, आणि मधात फायबर. संत्र्याच्या बागेत ड्रिपची मेन लाईन येते आणि मग झाडाझाडाला नळी जाते ना, तसंच, एक फायबर येतं आणि खांबावरच्या स्प्लिटरमधून घराघरात उजेड वाटला जातो. तो उजेड डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा मायनसमध्ये येतो. मायनस १९-२० म्हणजे झकास, मायनस २७ च्या आसपास गेला की बॉक्स तोंड फिरवतो. यात ३ चा फरक पडला म्हणजे उजेड निम्मा झाला, ही गोष्ट पोरांच्या डोक्यात बसायलाच आठवडा गेला, कारण १९ आणि २२ मध्ये असा काय फरक असणार असं सगळ्यांनाच वाटतं.

शिकवताना पहिले कम्प्युटरसमोर बसवलंच नाही. मागच्या खोलीत टेबलावर एक जुनी ओएलटी, फायबरचं रीळ, दोन स्प्लिटर आणि सहा बॉक्स मांडले. एकानं फायबर पेन्सिलीला गुंडाळायचं आणि दुसऱ्यानं आकडा मोठ्यानं वाचायचा. एकेक वेढा वाढला की आकडा खाली, आणि मग बॉक्सवर लाल लाईट. फायबर तुटलं नाही, सोललं नाही, नुसतं वाकलं तरी उजेड बाहेर सांडतो हे त्यांनी तिथं पाहिलं. तुमच्याकडे दाराच्या फटीत वायर दबली की नेट रडतं ते यामुळेच. दुसरा धडा खर्र्याचा. फायबरच्या आत उजेड जिथून जातो तो भाग ९ मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि खर्रा घोटलेल्या हातानं कनेक्टरचं टोक धरलं की झालं कल्याण. त्या खोलीत खर्रा बंद केला. बाहेर ओट्यावर काय चालतं ते आम्ही विचारत नाही.

मग स्क्रीन. तुमच्या बॉक्सची लाईन गेली की तो मरता मरता एक निरोप पाठवतो, आत क्षणभर पुरेल एवढी वीज साठवलेली असते तेवढ्यात. त्याला शेवटचा श्वास म्हणतात, खरंच तसंच नाव आहे. एका गावातले सगळे बॉक्स एकदम हा निरोप देऊन गेले तर समजायचं की डीपीचा किंवा लाईनचा घोळ आहे, आपण काही करू शकत नाही, लाईन आली की नेट येईल. पण सगळे गप झाले आणि निरोप एकाचाही नाही, तर मधात फायबर तुटलं, शिडी काढा आणि पळा. ह्या एका गोष्टीनं आमच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असतील. रोज रात्री जे लोक झोपताना बटण बंद करतात त्यांचाही निरोप येतो, त्यात काही वाईट नाही, फक्त एकदा ऑफिसला सांगून ठेवा म्हणजे आम्ही उगाच विचारत नाही.

तुटलं कुठं हे पाहायला ओटीडीआर नावाची मशीन असते, ती फायबरमध्ये उजेडाचा ठोका सोडते आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर सांगते. काचेत उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ठोका जाऊन यायला १० मायक्रोसेकंद लागले तर बिघाड १ किलोमीटरवर. कागदावर सोपं आहे. शिकाऊ पोरगा पहिल्याच वेळी गाडीच्या मीटरवर २ किलोमीटर ३०० मीटर मोजून गेला, तिथं तुरीच्या वावरात उभा राहून फोन करतो की इथं तर सगळं चांगलं आहे. झालं असं की खांबाखांबावर आपण जादा फायबरची वेटोळी बांधून ठेवतो, मशीन ती वेटोळी पण मोजते आणि रस्ता मोजत नाही. बिघाड मागं राहिला होता, वानरानं उडी मारून वायर ताणली होती तिथं. आता कोणत्या खांबावर किती मीटर वेटोळं आहे त्याची वही केली आहे, आणि ती वही मशीनपेक्षा कामाची आहे असं माझं स्पष्ट मत.

आमची एक चूक पण सांगून टाकतो. सुरुवातीला सगळ्यांना एकच नियम लावला, मायनस २५ च्या खाली गेलं की मोबाईलवर अलार्म. दूरच्या घरांचा आकडा मुळातच तिथं असतो, त्यामुळं रात्रभर टुणटुण टुणटुण, पोरांनी फोन सायलेंट केले, आणि एका रात्री मृगाची वीज कडाडली, खरंच नेटची एक लाईन गेली, तर सकाळी सातपर्यंत कोणाला पत्ता नाही. ज्यांची गेली होती त्यांनी आम्हाला जे ऐकवलं ते इथं छापता येत नाही. आता प्रत्येक घराचा नेहमीचा आकडा लिहून ठेवला आहे आणि त्यापेक्षा ३ नं घसरला तरच अलार्म वाजतो.

आणखी एक. ऑफिसातली मशीन दर पाच मिनिटांनी प्रत्येक बॉक्सला "कसं काय" विचारते. मधल्या दोन मिनिटांत नेट जाऊन आलं तर ते तिला दिसतच नाही. तुम्ही म्हणता सारखं तुटतं आणि पोरगा म्हणतो इथं तर सगळं हिरवं आहे, हे भांडण त्यातलंच. म्हणून पोरांना सांगितलं की बॉक्स किती वेळापासून चालू आहे तो आकडा पाहा, तो चारच मिनिटं दाखवत असेल तर गिऱ्हाईक खरं बोलतंय. घड्याळही पाहायला शिकवलं, कारण लाईन जाऊन आली की काही बॉक्सची तारीख १ जानेवारी १९७० होते आणि मग रात्रीचा बिघाड शोधायचा कसा?

वायफायचं मात्र आम्हाला इथून फारसं दिसत नाही. फायबरचा आकडा फर्स्ट क्लास आणि आतल्या खोलीत व्हिडिओ अडकतो, असं एका घरी तीनदा झालं. शेवटी जाऊन पाहिलं तर बॉक्स लोखंडी कपाटाच्या मागं, वरून पापडाची परात. बॉक्स मोकळ्या जागी, उंचावर, घराच्या मधात ठेवा. जाड मातीच्या भिंती असतील तर आतल्या खोलीसाठी दुसरा बॉक्स लागतो, तो लावून देऊ पण फुकट नाही, हे आधीच सांगतो.

कोणी विचारतं, मग तुम्ही आमचं सगळं पाहता का. ह्या स्क्रीनवर बॉक्स चालू आहे का, उजेड किती, डेटा किती गेला, एरर किती, एवढंच दिसतं. तुम्ही कोणता व्हिडिओ पाहिला, कोणाशी काय बोलले, ते तिथं येत नाही. पासवर्डचं पण ऐका. कंपनीतून आलेला पासवर्ड आम्ही बसवतानाच बदलतो, कारण २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असेच न बदललेले पासवर्ड लावून जगभरातले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. आमच्या मशीनी बॉक्सशी बोलतात तो एसएनएमपी प्रकार १९८८ सालचा, जुन्यात पासवर्ड उघडाच जायचा, म्हणून आम्ही जिथं जमतं तिथं तिसरं व्हर्जन लावतो.

आता तुमच्याकडून काय पाहिजे ते. फोन करताना "नेट बंद" एवढंच सांगू नका, बॉक्सवर कोणता लाईट आहे ते सांगा. लॉस लिहिलेला लाल लाईट पेटला असेल तर फायबरचा मामला, एकही लाईट नसेल तर पहिले बटण आणि अडॅप्टर पाहा. रिसेटच्या बारीक भोकात काडी घालू नका, त्यानं सगळी सेटिंग उडते आणि मग पोरग्याला यावंच लागतं. पोळ्याला खांबाला तोरण बांधता तेव्हा आपल्या काळ्या केबलीला गाठ मारू नका, मागच्या वर्षी तोरण सोडताना केबलच ओढल्या गेली. आणि तुटलेलं फायबर दिसलं तर त्याच्या टोकात डोळा लावून पाहू नका, पोरांनाही पाहू देऊ नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण डोळ्यांना चांगला नाही. काठीनं बाजूला सारा, खांबाचा नंबर पाहा आणि फोन करा. आमचा नंबर बॉक्सच्या खालच्या स्टिकरवर आहे.