तुतारीत ‘रे’ का सापडत नाही?

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत ठाण्याच्या तलावपाळीला उभं राहिलं की दोन वाक्यं हमखास कानांवर पडतात. ‘तुतारीला छाती लागते, जोरात फुंकलं की सूर वर जातो’ हे एक आणि ‘पितळेची आहे म्हणून आवाज असा खणखणीत’ हे दुसरं. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या हे कळलं की या कुळातली अत्यंत चमत्कारिक दिसणारी वाद्यंही समजू लागतात.

तुतारीवाल्याचं तोंड जवळून पाहा. ओठांचे कोपरे घट्ट आवळलेले असतात आणि मधे जेमतेम फट. वरचा सूर लावताना कोपरे आणखी आवळले जातात. सनईत जे काम पत्ती करते, ते इथे ओठ करतात. जोरात फुंकल्याने मुख्यतः आवाज मोठा होतो. सूर चढतो तो ओठांच्या ताणामुळे. आणि ओठांनी वाजणारं ते सगळं एकाच कुळातलं, मग ते कशाचंही बनलेलं असो: शंख, लाकडी आल्पहॉर्न, ऑस्ट्रेलियातलं डिजरीडू, आपली तुतारी. सॅक्सोफोन पितळेचा असूनही या कुळात बसत नाही, कारण त्यात वेताची पत्ती थरथरते.

पण ओठांना वाटेल त्या वेगाने थरथरता येत नाही. ओठांतून सुटलेला हवेचा दाब नळीच्या टोकापर्यंत जातो, तिथून काही भाग परत येतो आणि ओठांना धक्का देतो. हा धक्का योग्य क्षणी आला तर कंपन टिकतं, नाहीतर विझतं. म्हणून नळी ठरावीक सुरांनाच साथ देते. एका कंपनसंख्येची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी ती शिडी असते. दुसऱ्या पायरीला सा म्हटलं तर पुढे प, वरचा सा, ग, प, मग कोमल निषादाच्याही किंचित खालचा एक सूर, आणि पुन्हा सा. रे येतो थेट नवव्या पायरीला. अकरावी पायरी शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या बरोबर मधे पडते; आल्प्समधले वादक ती तशीच वाजवतात.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. शाळेत आपण शिकतो की एका बाजूने बंद नळी मूळ कंपनसंख्येच्या फक्त विषम पटींना साथ देते: १, ३, ५, ७. ट्रम्पेटची नळी ओठांनी बंदच असते. तिची लांबी सुमारे १.४ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर हिशेबाने ६१, १८४, ३०६, ४२९ हर्ट्झ यायला हवेत. प्रत्यक्षात ट्रम्पेटवर २३३, ३४९, ४६६ मिळतात, म्हणजे २:३:४ असं सुरेख प्रमाण. हे घडवतो तो पसरट कर्णा, म्हणजे नळीचं रुंदावत जाणारं टोक. खालच्या सुरांच्या लांब लाटा कर्णा रुंदावू लागताच मागे फिरतात. वरच्या सुरांच्या आखूड लाटा जवळपास तोंडापर्यंत जातात. खालच्या सुरांपुरती नळी जणू आखूड होते, म्हणून ते जास्त वर सरकतात. दुसऱ्या टोकाला माउथपीसची वाटी आणि तिचं अरुंद छिद्र वरच्या सुरांना खाली ओढून धरतं. दोघांच्या मापात थोडा फरक पडला तरी वाद्य बेसूर होतं. भिंत पितळेची की लाकडाची याला या आकारापुढे फार थोडं महत्त्व आहे.

या ओढाताणीत पहिली पायरी मात्र चुकते. ती ११६.५ हर्ट्झवर यायला हवी होती, पण बरीच खाली राहते. तरीही कसलेला वादक ११६.५ चा सूर काढतो! नळी त्या सुराला स्वतः साथ देत नाही. पण ओठ त्या वेगाने उघडले की प्रत्येक झोतात २३३, ३४९, ४६६ ही कंपनंही असतात. नळी त्यांना उचलून धरते, आणि ती सगळी मिळून ओठांना मूळ वेगावर टिकवतात.

तुतानखामेनच्या थडग्यातला चांदीचा ट्रम्पेट जेमतेम ५८ सेंटिमीटरचा आहे, त्यामुळे त्यात वापरण्याजोगे सूर मोजकेच. १९३९च्या एप्रिलमध्ये तो बीबीसीवरून वाजवला गेला आणि सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं, म्हणून तो ‘युद्ध आणणारा’ ठरला. हिटलरची तयारी त्याआधी कित्येक वर्षं चालू होती, पण शापाची गोष्ट सांगणाऱ्यांना त्याचं काय!

मधले सूर कुठून आणायचे, या एका प्रश्नातूनच विचित्र वाद्यं जन्मली. फ्रान्समधल्या ‘सर्पंट’ने बासरीचा मार्ग धरला. चामड्याने मढवलेली, नागासारखी वळणारी, सुमारे २.४ मीटरची लाकडी नळी आणि तिला सहा भोकं. पण भोकं बोटं पोचतील तिथे पाडलेली, सुराला हवीत तिथे नाहीत. उरलेलं ओठांनी सावरायचं. पुढे ‘ऑफिक्लाइड’ने मोठी भोकं आणि त्यांवर पितळी झाकणं आणली.

१८१४च्या सुमारास जर्मनीत व्हॉल्व्ह आला: दाबला की हवा जास्तीच्या नळीतून फिरते. नळी लांबली की सूर उतरतो. अर्धा सूर खाली यायला ६ टक्के लांबी वाढवावी लागते, एक सूर यायला १२, दीड सूर यायला १९. तीनही व्हॉल्व्ह एकत्र दाबले की ३७ टक्के वाढ होते, पण तीन सूर खाली यायला ४१ हवी. टक्के मूळ नळीचे धरलेले असतात. नळी लांबली की तेवढी भर पुरत नाही, आणि सूर चढा लागतो. सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ सॅक्स याने यावर सहा स्वतंत्र व्हॉल्व्ह योजले, एका वेळी एकच दाबायचा. १८७६च्या त्याच्या एका ट्रॉम्बोनला तर प्रत्येक लांबीसाठी वेगळा, असे सात कर्णे आहेत. हिशेब चोख, पण वाद्य उचलायचं कोणी? १८७४मध्ये डेव्हिड ब्लेकली यांनी हवा व्हॉल्व्हमधून दुसऱ्यांदा फिरवून कमी पडणारी लांबी भरून काढली, आणि तीच युक्ती उत्तम युफोनियममध्ये (हे खर्जातलं व्हॉल्व्हचं पितळी वाद्य) आजही असते.

आपल्या संगीताच्या दृष्टीने मला मोलाचा वाटतो तो साधा सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन. नळी हवी तिथे थांबवता येते, त्यामुळे खरी मींड निघते आणि श्रुतीही लावता येतात. मर्यादा एकच: एका पायरीवरची अखंड मींड तीव्र मध्यमापासून सापर्यंतच जाते. त्यापुढे ओठांना पायरी बदलावी लागते, आणि तिथे मींड तुटते.