सिद्धांताचा तास आणि घडी घातलेला कागद

डिझाइनचे विद्यार्थी सिद्धांताच्या तासाला कंटाळतात, ही तक्रार जुनी आहे. मात्र सिद्धांत आणि स्टुडिओ यांच्यातली भिंत विद्यार्थ्यांनी बांधलेली नाही, ती अभ्यासक्रमाच्या आखणीतून उभी राहिली. ब्रिटनमध्ये १९६० साली कोल्डस्ट्रीम समितीने कलाशिक्षणाच्या पदविकेला पदवीच्या तोडीची प्रतिष्ठा मिळावी म्हणून कलेचा इतिहास आणि पूरक अभ्यास यांसाठी सुमारे १५ टक्के वेळ राखून ठेवण्याची शिफारस केली. हेतू चांगलाच होता. परंतु व्याख्यान, निबंध आणि लेखी परीक्षा या वाटेने आलेला विषय कामाच्या टेबलापासून दूरच राहिला, आणि मे १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी लंडनच्या हॉर्न्सी कला महाविद्यालयाचा ताबा घेतला, तेव्हा अभ्यासक्रमाची ही रचनाही त्यांच्या रोषाचा विषय होती.

याआधी एक वेगळी वाट घालून दिलेली होती. जर्मनीतल्या वायमार येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेत नवागतांसाठी पायाभूत वर्ग असे. तो शिकवणारे योहानेस इटेन १९२३ मध्ये गेल्यानंतर तिथे योझेफ आल्बर्स शिकवू लागले. त्यांच्या एका विद्यार्थ्याने सांगितलेली आठवण अशी, की आल्बर्स वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, प्रत्येकाला कागद वाटले आणि कात्री-गोंदाशिवाय त्यातून काही घडवा, असे सांगून निघून गेले. परतल्यावर त्यांना किल्ले, विमाने, प्राणी दिसले. यांतले बरेचसे दुसऱ्या साहित्यात अधिक चांगले झाले असते, असे त्यांचे मत पडले. एकाने मात्र कागदाला फक्त लांबीत घडी घालून तो पडद्यासारखा उभा केला होता. मऊ, लवचीक कागद घडीमुळे ताठ होतो आणि आपल्या सर्वांत बारीक कडेवर तोल सांभाळतो, हे त्यांनी त्या घडीकडे बोट दाखवून समजावले. साहित्य आणि रचना यांच्या नात्याचा सिद्धांत वर्गात असा आला, आणि माझ्या मते सिद्धांत शिकवण्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

बाउहाउस १९३३ मध्ये बंद पडल्यावर आल्बर्स अमेरिकेत गेले. रंगांविषयीच्या त्यांच्या १९६३ च्या ग्रंथातही आधी प्रयोग आणि मग सिद्धांत, हाच क्रम आहे.

भारताशी या विचाराचा धागा जुळतो तो प्रामुख्याने जर्मनीतल्या उल्ममार्गे. १९५३ ते १९६८ या काळात चाललेल्या तिथल्या डिझाइन संस्थेने चिन्हशास्त्र (चिन्हे आणि त्यांचे अर्थ यांचा अभ्यास) आणि गणित यांनाही डिझाइनच्या शिक्षणात स्थान दिले. मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय आणि पुढे उल्म येथे शिकलेल्या सुधाकर नाडकर्णी यांनी, पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्राच्या जडणघडणीत मोठा वाटा उचलला.