खांदा-होल्स्टर

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर खांद्यांवरून घेतलेल्या पट्ट्यांच्या आधाराने काखेखाली टांगून बाळगण्याचे साधन. उजव्या हाताने शस्त्र चालवणाऱ्याचे होल्स्टर डाव्या काखेखाली येते आणि छातीवरून हात आडवा नेऊन शस्त्र उपसले जाते. साध्या वेशातील पोलीस आणि अंगरक्षक ते कोटाखाली वापरतात. रणगाड्यातील व विमानातील सैनिक मात्र लपवण्यासाठी नव्हे, तर बसल्या जागी कमरेचे शस्त्र अडचणीचे होते म्हणून ते वापरत आले. रशियन भाषेत या साधनाला ‘ओपेरातिव्हनाया कोबुरा’ म्हणतात. त्या नावातच गुप्त पोलिसी कामाशी असलेला त्याचा संबंध उघड आहे.

या साधनाचा उगम अमेरिकेच्या पश्चिम व नैर्ऋत्य भागात १९व्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, याविषयी फारसा मतभेद नाही. वाद आहे तो दशकाचा आणि कारणाचा. एक मत उगम १८७०च्या दशकापर्यंत मागे नेते आणि त्याचे कारण शस्त्रबंदीच्या कायद्यांत शोधते. टेक्सस राज्याने १८७१ मध्ये पिस्तूल बाळगण्यावर निर्बंध घातले. ॲरिझोनातील टूम्स्टोन गावानेही एप्रिल १८८१ मध्ये गावाच्या हद्दीत शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा नियम केला. कमरेचे शस्त्र दिसू लागताच अडचण होऊ लागली, म्हणून ते कोटाखाली गेले, असा हा युक्तिवाद आहे. तो आकर्षक असला तरी टेक्ससच्या कायद्याने उघडे आणि लपवलेले असे दोन्ही प्रकारचे बाळगणे निषिद्ध ठरवले होते, हे त्यात निसटते. शिवाय शस्त्र लपवण्याची सोय कोटाच्या आतील खिशानेही होत होती. म्हणून कायद्याला एकमेव कारण न मानता शहरी पोशाखातील लांब कोट, घोड्यावरील बैठक आणि कायदा या तिन्हींचा एकत्रित परिणाम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सर्वांत जुना सामान्य प्रकार ‘टेक्सस’ नावाने ओळखला जातो. तो म्हणजे खांद्याभोवतीच्या फासाला टांगलेली चामड्याची साधी पिशवी. त्यानंतर, बहुधा शतकाच्या अखेरीस, ‘सांगाडा’ प्रकार रूढ झाला. त्यात पिशवीऐवजी स्प्रिंगची पकड रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या नळकांड्याला धरून ठेवते आणि नळी व मूठ उघडी राहतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने एम१९११ पिस्तुलासाठी एम३ हे होल्स्टर वापरले. त्याला एकच खांदापट्टा आणि खाली कमरपट्ट्यात अडकवण्याची पट्टी होती. पुढे आलेल्या एम७ मध्ये छातीभोवती आणखी एक पट्टा जोडण्यात आला. रिकामे असताना सुमारे १.१ किलोग्रॅम भरणारे शस्त्र एका पट्ट्यावर झुलत राहते, ही अडचण त्या जादा पट्ट्याने बरीच दूर झाली. आजच्या चार टोकांच्या जोडणीचा प्रसार प्रामुख्याने शिकागोतील ‘जॅकॅस लेदर’ या कंपनीमुळे झाला. १९६९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी पुढे ‘गॅल्को’ या नावाने ॲरिझोनातील फिनिक्स येथे गेली.

या जोडणीत पाठीवर एक लहान चकती असते आणि तिच्यापासून चार पट्टे निघतात. वरचे दोन खांद्यांवरून पुढे उतरतात, खालचे दोन काखांखालून येतात. एका बाजूची जोडी होल्स्टरला आणि दुसऱ्या बाजूची जोडी मॅगझिनच्या, म्हणजे जादा काडतुसांच्या पेटीच्या, खोळीला मिळते. प्रत्येक पट्टा चकतीच्या खिळ्याभोवती किंचित फिरतो. हात वर गेला की पट्ट्याचा कोन बदलतो, पण चकती जागेवर राहते. जोडणीचे मर्म या फिरण्यातच आहे. म्हणूनच जुळवणीची सुरुवात होल्स्टरपासून नव्हे, तर चकतीपासून करावी लागते. ती पाठीच्या कण्यावर, दोन्ही अंसफलकांच्या (खांद्यांमागील चपट्या हाडांच्या) मधोमध, सपाट टेकलेली असावी. चकती वर सरकल्यास पट्टे मानेच्या बुंध्यात रुततात आणि मानेकडून खांद्याकडे जाणाऱ्या स्नायूवर तासाभरात लाल वळ उमटतात. खाली उतरल्यास तेच पट्टे खांद्याच्या टोकांकडे घसरू लागतात. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नसल्याने ही तपासणी दुसऱ्या व्यक्तीकडून करून घेणे उत्तम.

चकती मध्यापासून हटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दोन बाजूंच्या वजनांतील फरक. भरलेले ग्लॉक १७ पिस्तूल सुमारे ९०० ग्रॅम भरते, तर १७ काडतुसांची भरलेली मॅगझिन सुमारे २८० ग्रॅम. दुसऱ्या बाजूला दोन मॅगझिन ठेवल्या तरी तिनशेहून अधिक ग्रॅमचा फरक उरतो आणि दिवसभरात चकती पिस्तुलाच्या बाजूला ओढली जाते. हा फरक कमरपट्ट्याला अडकवलेली बंधनपट्टी भरून काढते. किमान मॅगझिनच्या बाजूला ती असलीच पाहिजे. पिस्तुलाच्या बाजूची बंधनपट्टी उभे राहून ताणून बांधू नये, कारण हात वर करताच तिचा ताण थेट खांद्यावर येतो. तिची लांबी हात डोक्यावर नेऊन आणि पुन्हा खुर्चीत बसून ठरवावी.

होल्स्टरची उंची व कोन हे पुढच्या आणि मागच्या पट्ट्यांनी ठरतात. दोन्ही सारखे सैल केले की होल्स्टर सरळ खाली येते. फक्त पुढचा आवळला की मूठ वर येते आणि नळीचे तोंड खाली झुकते. काखेत अगदी वर चढवलेले होल्स्टर अधिक लपते असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. तसे केल्यास शस्त्राच्या जाडीने दंड अंगापासून दूर ढकलला जातो आणि हात अधांतरी ठेवून चालणारा माणूस जाणकाराला लगेच ओळखू येतो. दंड नैसर्गिकपणे बरगड्यांना टेकेल इतके होल्स्टर खाली असावे. आडव्या प्रकारात, म्हणजे नळीचे तोंड मागे असलेल्या मांडणीत, लहान नळीचे शस्त्र छान बसते. लांब नळीचे शस्त्र मात्र पाठीमागे कोटाला टोक काढते, आणि त्यासाठी नळी खाली असलेला उभा प्रकारच बरा. रुंद छातीच्या माणसाला आडवी मांडणी सहज मानवते. अरुंद बांध्याच्या किंवा भरल्या छातीच्या व्यक्तीला पुढच्या पट्ट्याची वाट थोडी बाहेरून काढावी लागते.

शस्त्र लपवण्याचे निम्मे काम कोट करतो. मुंढा अरुंद असल्यास काखेखालचा फुगवटा उठून दिसतो, म्हणून कोट शिवताना किंवा निवडताना होल्स्टर अंगावर असावे. जाड, गडद किंवा बारीक विणीची नक्षी असलेले कापड सावली गिळते. पातळ, फिक्या कापडावर पट्ट्यांच्या रेघासुद्धा उमटतात. वाकताना कोटाची पुढची पाखे झुलून उघडतात, तेव्हा एक गुंडी लावणे किंवा पाखाच्या कडेत लहानसे वजन शिवणे हे जुने उपाय आहेत. कोट अंगावर ठेवावाच लागतो, ही या पद्धतीची मोठी मर्यादा आहे.

सर्व जुळवणी शस्त्र पूर्ण रिकामे करून, काडतुसे वेगळ्या जागी ठेवून आणि मॅगझिनमध्ये दारू नसलेली, सरावाची नकली काडतुसे भरून करावी, म्हणजे वजन जवळपास खरे राहते. आडव्या मांडणीत नळीचे तोंड मागे उभ्या असलेल्या माणसाकडे असते, आणि शस्त्र उपसताना ते स्वतःच्या डाव्या दंडावरून फिरू शकते. म्हणूनच डावा कोपर वर उचलून बाजूला घेण्याची सवय शिकवली जाते आणि अनेक नेमबाजी केंद्रांत खांदा-होल्स्टरला परवानगी नसते. चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर आणि अंगठ्याने उघडणारी अडकणपट्टी या दोन गोष्टींत तडजोड चालत नाही. शस्त्र बाळगण्याची आणि लपवून बाळगण्याची मुभा प्रत्येक ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असते.

नवे चामडे वापराने ताणते व मऊ होते. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत पट्टे पुन्हा एखादे भोक आवळावे लागतात, आणि त्याच वेळी जोडणीचे स्क्रू सैल झालेले नाहीत ना, हेही पाहावे लागते.