लवकर पोचलो, म्हणून पेट्रोल वाचलं?

“वेग वाढवला की इंजिन कमी वेळ चालतं, म्हणून इंधन वाचतं,” असा समज फार जुना आहे. यातला पहिला भाग खराच आहे. ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास १०० किलोमीटरला १५ मिनिटं वाचतात. पण छोटी पेट्रोल कार उभ्या उभ्या १५ मिनिटांत पाव लिटरही जाळत नाही; बचत झालीच तर तेवढीच.

खर्च हवेचा असतो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: १.२५ × १.२५, म्हणजे सुमारे ५६ टक्के जास्त. टायरचं घर्षण फारसं वाढत नाही, म्हणून एकूण खर्च तेवढा चढत नाही, पण वाचलेल्या इंधनाहून जास्त नक्कीच. अगदी रांगत, खालच्या गिअरमध्ये चालवणंही महागच पडतं.

पडताळायचं असेल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्याचा सपाट पट्टा निवडा, घाट नको. थंड टायरमध्ये हवा भरा, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा. जाऊन-येऊन किमान १०० किलोमीटर ८० ने चालवा, त्याच पंपावर पुन्हा भरा. मग तेच १०० ने. एसी आणि माणसं दोन्ही वेळा सारखीच हवीत. डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा पंपावरचे लिटर धरा.