ऑटोमॅटिक म्हणतात तिला, पण आत मॅन्युअलच आहे

ठाण्याजवळच्या गायमुखच्या घाटात रविवारी संध्याकाळी ट्रकांच्या मागे अडकलं की गाडी हातभर पुढे सरकते, थांबते, पुन्हा हातभर सरकते. गेल्या पावसाळ्यात मी आतेभावाच्या नव्या टर्बो हॅचबॅकमध्ये त्याच्या शेजारी बसलो होतो. पुढचा ट्रेलर चढावर थांबलेला. भाऊ ब्रेकला पाय न लावता अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागेवर धरून होता. दहाएक मिनिटांत तो ओळखीचा जळका वास आला आणि मीटरमध्ये गिअरबॉक्स तापल्याची सूचना लागली.

"अरे, ही ऑटोमॅटिक आहे. क्लच कुठला जळणार हिचा?" तो म्हणाला.

डाव्या पायाखाली पेडल नाही म्हणजे गाडीत क्लचच नाही, हा समज मला सगळीकडे भेटतो. त्याच्या गाडीत क्लच होते, आणि एक नव्हे, दोन. ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी, आणि मॅन्युअल या जणू दोन टोकांच्या गोष्टी आहेत असं समजून लोक वाद घालतात. प्रत्यक्षात ही सख्खी भावंडं आहेत. जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली, ही मात्र वेगळ्या घराण्यातली. तिच्यात इंजिनची ताकद तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते आणि गिअरही वेगळ्या रचनेचे असतात. चढावर तिला थोडा वेळ असं तोलून धरलं तर घासायला मधे प्लेट नसते, तेल तेवढं तापतं.

मॅन्युअलमध्ये काय होतं ते आपल्या पायाला माहीत असतं. इंजिनच्या फ्लायव्हीलवर क्लच प्लेट दाबून बसलेली असते. पेडल दाबलं की ती सुटते, इंजिन आणि चाकं वेगळी होतात. आपण तिसऱ्यातून चौथ्यात लिव्हर नेतो, आत पितळी सिंक्रो रिंग दोन फिरत्या भागांचा वेग जुळवते, गिअर बसतो आणि आपण पाय सोडतो. एवढ्या वेळात चाकांना ताकद मिळत नाही. तेवढाच तो एक श्वास.

डीसीटीमध्ये तेच गिअर, तसेच सिंक्रो, गिअर सरकवणारे तसेच फोर्क. फक्त शाफ्ट दोन, एकात एक घातलेले. आतला भरीव, बाहेरचा नळीसारखा पोकळ. एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६. प्रत्येक शाफ्टला स्वतःचा क्लच. तुम्ही तिसऱ्यात वेग वाढवत असता तेव्हा कॉम्प्युटरने दुसऱ्या शाफ्टवर चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. मग एक क्लच सुटत असतानाच दुसरा पकडतो आणि तो मधला श्वास घ्यावाच लागत नाही. मात्र कॉम्प्युटरचा अंदाज चुकला, म्हणजे त्याने चौथा तयार ठेवला आणि तुम्ही ओव्हरटेकसाठी एकदम दुसरा मागितला, तर डीसीटीसुद्धा क्षणभर अडखळते. स्वस्त गाड्यांतली एएमटी ही आणखी वेगळी. तिच्यात एकच क्लच असतो आणि तो मोटर दाबते, म्हणून गिअर बदलताना मान पुढे जाते.

हे सगळं मला नीट पटलं ते वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात. तिथल्या मिस्त्रींनी एक उतरवलेला ड्युअल क्लच बाकावर ठेवला होता. दोन प्लेट शेजारी शेजारी. एकीचं अस्तर बऱ्यापैकी शाबूत. दुसरीचं झिजून रिव्हेटपर्यंत आलेलं, आणि जिथे ती घासायची त्या लोखंडावर निळे-जांभळे डाग. लोखंड अतोनात तापून थंड झालं की येतात तसे. "ही पहिल्या गिअरची," मिस्त्री बोट ठेवून म्हणाले. "गाडी दर वेळी हिच्यावरच उठते. माणूस ट्रॅफिकमध्ये दिवसभर हाफ क्लचवर, म्हणजे प्लेट अर्धवट पकडलेली घासत, चालवतो आणि त्याला पत्ताच नसतो."

त्याला पत्ता नसतो, मला फरक दिसतो तो इथेच. मॅन्युअलमध्ये हाफ क्लच धरला की पिंढरी भरून येते, पेडल थरथरतं, आपण कंटाळून न्यूट्रल करतो आणि हॅन्डब्रेक ओढतो. आपलं दुखणं प्लेटला वाचवतं. डीसीटीमध्ये तेच काम एक पिस्टन नाहीतर मोटर करते, आणि तिला पिंढरी नसते. क्लच तेलात बुडालेले, म्हणजे वेट असतील, तर ते तेल उष्णता वाहून नेतं आणि गाडी बरंच सोसते. ड्राय असतील तर मॅन्युअलसारखीच हवेवर भिस्त. म्हणून ठाण्यात राहून डीसीटी घेणाऱ्याने शोरूममध्ये पहिला प्रश्न हा विचारावा, क्लच वेट की ड्राय. सनरूफचं नंतर बघता येईल.

आता स्पोर्ट्स कारकडे. ही कल्पना रेसच्या मैदानात वाढली, आणि तिथेच तिचं मोल कळतं. दोन क्लचांचा विचार अडोल्फ केग्रेस या फ्रेंच इंजिनियरने १९३९मध्ये मांडला होता. पण एक क्लच सोडता सोडता दुसरा पकडायची वेळ बिनचूक साधायला इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं, ते आलं १९८०च्या दशकात. पोर्शेने आपल्या रेसिंग गाड्यांत हा गिअरबॉक्स आजमावला आणि १९८६मध्ये त्यांच्या ९६२ने तो लावून मोंझाची शर्यत जिंकली. हा गिअरबॉक्स लावलेली, रोज रस्त्यावर चालवायची गाडी मात्र आधी पोर्शेने नव्हे, फोक्सवॅगनने आणली, २००३ची गोल्फ आर३२. पोर्शेच्या ९११ या स्पोर्ट्स कारमध्ये तो २००८मध्ये आला.

वेगाचा हिशेब त्यानंतर संपलाच. २०२१च्या ९११ जीटी३ला शंभरचा वेग गाठायला डीसीटीसह ३.४ सेकंद लागतात, मॅन्युअलसह ३.९. इंजिन तेच, आणि मॅन्युअल गाडी १७ किलोंनी हलकी, तरीही अर्धा सेकंद मागे. तुम्ही कितीही सराईत असा, हा फरक हाताने भरून निघत नाही. फेरारीने मॅन्युअल सोडलं, अमेरिकेच्या कॉर्व्हेटनेही २०२०च्या मॉडेलपासून सोडलं.

पण पुढे जे झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. २०१३ची जीटी३ पोर्शेने फक्त डीसीटीवर आणली. चाहते नाराज झाले. २०१६मध्ये कंपनीने ९११ आर काढली, निव्वळ मॅन्युअल, फक्त ९९१ गाड्या, आणि २०१७मध्ये जीटी३मध्येही मॅन्युअल परत आणलं. इकडे बीएमडब्ल्यूने एम३ या आपल्या वेगवान गाडीत वेगळंच केलं. सध्याच्या पिढीत डीसीटी काढून टॉर्क कन्व्हर्टर बसवला, कारण तोही आता पुरेसा चपळ झालाय, पण मॅन्युअल मात्र ठेवलं. म्हणजे वेगवान गिअरबॉक्सची जागा दुसरा वेगवान गिअरबॉक्स घेऊ शकतो, मॅन्युअलची नाही.

का नाही, ते मला बेलापूरच्या पारसिक हिलवर, माझ्या जुन्या मॅन्युअल गाडीत, भल्या पहाटे कळतं. वेग रिक्षाएवढाच असतो. वळण येतं, उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, त्याच पायाची कड अ‍ॅक्सिलरेटरवर टेकवून इंजिनचे फेरे थोडे चढवायचे, डावा पाय खाली, लिव्हर तिसऱ्यातून दुसऱ्यात. जमलं तर लिव्हर लोण्यातून सुरी जावी तशी जाते आणि गाडीला जराही झटका बसत नाही. दहातून चारदा जमतं. डीसीटीमध्ये स्टिअरिंगमागची पट्टी, म्हणजे पॅडल, ओढली की हेच काम दहाच्या दहा वेळा जमतं, माझ्यापेक्षा सुबक. ते ऐकायला मला आवडतं, पण ते माझं नसतं.

म्हणून कोणी विचारलं, तर मी आधी रस्ता विचारतो. रोज मानपाडा ते ऐरोली करायचं असेल तर मी मॅन्युअलचा आग्रह धरणार नाही, गुडघ्याशी वैर कशाला! डीसीटी घ्या, पण डाव्या पायाला जे कळत होतं ते लक्षात ठेवून चालवा. चढावर ब्रेकनेच थांबा. पुढची गाडी हातभर सरकली की लगेच सरकू नका, दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग क्लच पूर्ण पकडेल इतकं पुढे जा. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे.

आतेभावाला हे त्या घाटातच सांगितलं. त्याने ब्रेक दाबला, लिव्हर न्यूट्रलवर नेली, काचा खाली केल्या. ट्रेलर सरकला तरी तो थांबून राहिला, चांगली तीसएक फुटांची जागा झाल्यावरच निघाला. फाउंटनच्या नाक्यावर पोचेपर्यंत मीटरमधली सूचना गेली होती, वास मात्र घरी जाईपर्यंत होता.