हत्तीरोग

हत्तीरोग हा लसिकासंस्थेचा, म्हणजे शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नलिका व गाठींच्या जाळ्याचा, डासांमार्फत पसरणारा आजार. बोलीत त्याला हत्तीपाय म्हणतात. भारतात तो बहुतांशी वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या दोऱ्यासारख्या जंतामुळे होतो. महाराष्ट्रात नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत त्याचा जुना वावर आहे.

गटारातल्या व साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावताना जंताच्या अळ्या कातडीवर सोडतो. दंशाच्या छिद्रातून त्या आत शिरतात आणि लसिकावाहिन्यांत वाढतात. पूर्ण वाढलेली मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब असते. ती वर्षानुवर्षे जगते आणि तिची असंख्य सूक्ष्म पिल्ले रक्तात उतरतात. ही पिल्ले दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि क्युलेक्स चावतो त्या वेळी, म्हणजे रात्री, अंगभरच्या रक्तात येतात. म्हणूनच तपासणीचे पथक रात्री दहानंतर दार ठोठावते. झोपेतून उठवलेल्या माणसाच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब घेतात. टिमथी लुईस यांनी १८७२ मध्ये कोलकात्यात ही पिल्ले माणसाच्या रक्तात दाखवून दिली. पुढे १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांना चीनमधील अमॉय येथे ती डासाच्या पोटात वाढताना दिसली. डास माणसाच्या रोगाचा वाहक असतो, या समजुतीचा पाया तिथे घातला गेला.

लागण झालेल्या अनेकांना कित्येक वर्षे काहीच त्रास होत नाही, पण त्यांच्या रक्तातून डासांना जंत मिळत राहतात. त्यामुळे दरवर्षीच्या सामूहिक औषध मोहिमेत जंत मारणाऱ्या गोळ्या धडधाकट माणसालाही घ्याव्या लागतात. ‘मला काय झालंय?’ हा घरोघरी ऐकू येणारा प्रश्न मोहिमेतली सर्वांत मोठी अडचण आहे. डीईसी (डायइथिलकार्बामॅझिन) आणि अल्बेंडाझोल या जंतनाशकांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देण्याची तिहेरी औषधयोजना नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये सुरू झाली. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती आणि गंभीर आजारी यांना ही औषधे देत नाहीत. गोळ्या घेतल्यावर कुणाला ताप, डोकेदुखी झाली, तर ती बहुधा रक्तातली पिल्ले मरत असल्याची खूण असते. घाबरून पुढच्या वर्षी गोळ्या नाकारू नयेत.

जांघेत अवधाण (सुजलेली, दुखरी गाठ) येणे, थंडी वाजून ताप, पाय लालबुंद होणे, पुरुषांत अंडवृद्धी ही नेहमीची लक्षणे. अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होते. पायाचे तसे नाही. जंताने लसिकावाहिन्या निकामी केल्यावर बोटांच्या बेचक्यांतल्या चिरांतून जिवाणू शिरतात आणि तापाच्या प्रत्येक फेरीनंतर सूज वाढून कातडी आणखी जाड, खरखरीत होते. पाय खरा बिघडतो तो या फेऱ्यांनी, आणि त्या रोखणे घरच्या घरी जमते. रोज साबण-पाण्याने पाय हलक्या हाताने धुवावा, मऊ फडक्याने प्रत्येक बेचके कोरडे करावे, चिरांना मलम लावावे आणि झोपताना पाय उशीवर उंच ठेवावा.